जिन्यापुढचा काळा दगड

आई थांबली. बास, एवढंच झालं. म्हणजे कुणी पडलं नाही, कुणी ओरडलं नाही, काही फुटलं-तुटलं नाही. सरकत्या जिन्यावरून आई उतरली, आपल्या त्या नेहमीच्या तुरुतुरु चालीनं जरा पुढे आली आणि थांबली. मागून येणारा लेकीच्या ऑफिसातला दिवेवाला तिच्यावर आदळता आदळता राहिला, "अरे अरे, काकू!" म्हणाला, हसला, वळसा घालून पुढे गेला. आणि आई काळ्या पट्ट्याच्या अलीकडे वीतभर अंतरावर उभी राहून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. आता जमिनीखाली बावीस मीटरवर, कोऱ्या करकरीत स्टेशनात, आईला पर्समधलं असं काय तातडीनं हवं होतं? लेकीला काही कळेना. "काय गं, काय हरवलं?" तिनं विचारलं. "काही नाही," आई म्हणाली. मग पर्समध्येच बघत, अगदी सहज, "इथलं काम राहिलंय का गं अजून?" "नाही गं, सगळं पूर्ण झालंय." "हो ना, तेच म्हटलं मी." आणि मग आईनं पर्स बंद केली, आणि तिनं जे केलं ते लेक पुढचे तीन दिवस डोळ्यांपुढून पुसू शकली नाही. आईनं बुटाचं टोक पुढे केलं. नुसतं टोक. थंड पाण्यात उतरायच्या आधी आपण करतो ना, अगदी तसं.

तर ही लेक म्हणजे ऑफिसातली फरशीबाई. हे नाव तिला पहिल्याच महिन्यात पडलं, कारण कुठल्याही इमारतीत शिरली की बाई खालीच बघत चालायची. लोक छतं बघतायत, खांब बघतायत, आणि ही सांधे मोजतेय. "हिच्या मानेला छत ठाऊकच नाही," असं सर म्हणायचे. सर म्हणजे ऑफिसचे मुख्य आर्किटेक्ट, सहा फूट चार इंच, त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना जिराफ म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं. या एका स्टेशनच्या आतल्या भागावर ऑफिसची सहा वर्षं गेली होती. छत जिराफाचं, प्रकाश दिवेवाल्याचा, आणि फरशी हिची. त्यातही सगळ्या फरशीतली एकच गोष्ट खऱ्या अर्थानं हिची, म्हणजे स्वप्नात बघून, उठून, दात न घासता कागदावर काढलेली: तो काळा पट्टा. सरकते जिने जिथे उतरतात तिथून जरा पुढे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पाऊण मीटर रुंद, काळाभोर, आरशासारखा घासलेला दगड. बाकी सगळी फरशी फिकट, राखेत दूध मिसळावं तशी. आणि बरोब्बर पट्ट्याच्या वर दिवे मुद्दाम मंद केलेले. म्हणजे माणूस वरच्या गोंगाटातून खाली येणार, काळोखाची एक रेघ ओलांडणार आणि फलाटावर पोचणार. वर एक जग, खाली दुसरं, मध्ये उंबरठा. जिराफानं ते चित्र बघून फक्त "हं" म्हटलं होतं. आणि त्या ऑफिसात जिराफाचा "हं" म्हणजे बिल्ला होता, लोक वर्षानुवर्षं त्याची वाट बघायचे.

स्टेशन उघडायला नऊ दिवस होते आणि त्या दिवशी घरचा दिवस होता. ही तिथली पद्धतच. काम संपत आलं की, बाहेरच्या जगानं पाय ठेवायच्या आधी, काम केलेल्या प्रत्येकानं घरचं एक माणूस आणायचं आणि आपण काय केलं ते दाखवायचं. मुकादमानं बायकोला आणलं होतं आणि तिला तो एकच खांब चारी बाजूंनी दाखवत होता. पाइपवाल्यानं बापाला आणलं होतं, आणि बिचाऱ्याचे सगळे पाइप छताच्या आत गेलेले, दाखवायला काहीच नाही, तर तो आपला वर बोट करून "तिथे आहेत, तिथे" म्हणत होता. आणि हिनं आईला आणलं. दुसरं होतंच कोण? वडील ती सात वर्षांची असतानाच गेलेले, लग्नाचं अजून जमलेलं नाही, किंवा जमवलेलं नाही, त्यावर आईचं आणि तिचं एकमत नव्हतं.

आईनं पट्टा ओलांडला. ओलांडला म्हणजे काय, टोक टेकवलं, मग टाच, मग दुसरा पाय झटकन पलीकडे. मग फलाटभर हिंडली, बाकावर बसून बघितलं, "छान आहे हो, टेकायला पाठ आहे," म्हणाली, छताला मान वर करून दाद दिली. आणि परत जायची वेळ आली तेव्हा जिन्याकडे न वळता म्हणते, "लिफ्टनं जाऊ या की. एवढी लावलीय तर." झालं! लेक आईकडे बघतच राहिली. कारण ही बाई चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होती, शेवटची अकरा वर्षं हेडनर्स, आणि चौतीस वर्षांत ती एकदाही लिफ्टमध्ये चढली नव्हती. "लिफ्ट पेशंटसाठी असते," असं ती धडधाकट डॉक्टरांना तोंडावर ऐकवायची. लिफ्ट फलाटाच्या टोकाला होती. पट्ट्याच्या फलाटाकडच्याच बाजूला. त्यावरून परत जावं लागत नव्हतं.

बसमध्ये आई खिडकीशी बसली आणि डोळे मिटून घेतले, आणि लेक तिच्या हातांकडे बघत बसली. हे हात कसे चालायचे, आणि पाय तर काय विचारता. लहानपणी शाळा सुटली की लेक इस्पितळात जायची, कारण घरी कुणी नसायचं, आणि तळमजल्याच्या लांबलचक वाटेवर एका जागी फरशीत गडद हिरवी रेघ होती. रेघेच्या पुढे वॉर्ड, तिथे मुलांना बंदी. मग ती रेघेला बूट चिकटवून उभी राहायची, पाठीवर दप्तर, आणि दूरवरून टक टक टक आवाज यायचा आणि तो कधीच चुकायचा नाही, शंभर पावलांतून तिला आईची पावलं कळायची. कोपऱ्यावरून पांढरा एप्रन वळायचा, मोठा मोठा होत यायचा, आणि रेघ आल्यावर आई खाली बघायचीसुद्धा नाही, त्याच वेगानं रेघेवरून यायची, आणि रेघेवरून आली की ती नर्स नसायची, आई असायची. केस सुटायचे, आवाज बदलायचा. "काय गं, डबा संपवलास का?" पुढे तिशीत, एका सकाळी, दात न घासता, तिनं तो काळा पट्टा काढला तेव्हा टिपणात तिनं लिहिलं होतं, 'शहर आणि प्रवास यांच्यामधला क्षण.' असं लिहावं लागतं. खरं म्हणजे तिला तेवढंच माहीत होतं, की फरशीवर एक गडद रेघ असली की पलीकडून आपलं माणूस येतं.

आणि त्याच रेघेवर आई थांबली. बुटाचं टोक पुढे करून. ती बसमध्ये बसल्या बसल्या मागचं वर्ष उलगडायला लागली, आणि कपाटातलं एक बोचकं ओढलं की वरची सगळी अंगावर येतात, तसं झालं. न्हाणीघराबाहेरचं निळं पायपुसणं. इतकं जाड, इतकं छान, हिनंच आणलेलं. आईनं ते दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं आणि जुना पांढरा टॉवेल घातला. "रंग जातो त्याचा." मग स्वयंपाकघरातला दिवा, अचानक इतका प्रखर का केला? "काटकसर कशाची करायची आता?" मग वर्तमानपत्र बंद. "असतं काय त्यात, तेच ते." मग शेजारणीकडे जायचं बंद, कारण शेजारणीच्या जिन्यावर उजेड कमी, पण आई म्हणाली, शेजारीण फार बोलते. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं, आणि ही फरशीबाई, जिला दुसऱ्याच्या घरातला अर्ध्या मिलिमीटरचा सांधा दिसतो, तिला स्वतःच्या घरातलं हे काहीच दिसलं नव्हतं.

"आई, तुझ्या डोळ्यांना काही होतंय का?"

आईनं डोळे उघडले नाहीत. "झोप येतेय. तू बोलू नकोस."

"त्या पट्ट्यापाशी तू—"

"पर्स बघत होते मी. आता पर्सही बघायची नाही का? बाई गं, तुझं स्टेशन चांगलं झालंय, मी चार लोकांत सांगणार आहे, आता गप बस."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती कामाला बसली आणि काम होईना. भिंतीवर त्यांच्या टेपच्या दिवसाचा फोटो होता. त्या ऑफिसचा नियमच होता की कुठलीही फरशी दगडात जायच्या आधी गोदामात खऱ्या मापानं टेपनं आखायची आणि सगळ्यांनी तिच्यावरून चालायचं. कागदावर विश्वास ठेवायचा नाही, पायांवर ठेवायचा. जिराफाला याचा केवढा अभिमान! परदेशी पाहुणे आले की सांगायचा. तर फोटोत सगळे गोदामात टेपवरून चालतायत, जिराफ हातात स्टॉपवॉच घेऊन, दिवेवाला माकडचेष्टा करत, ती स्वतः पुढे. ती त्या फोटोकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि मग उठून भिंतीपाशी गेली आणि नाक लावून बघितलं. काळा पट्टा त्यांनी आखला होता, हो. दोन्ही कडांना दोन टेपा. मध्ये काय? मध्ये गोदामाचा तोच करडा कोबा. म्हणजे रुंदी चालून बघितली, अंतर चालून बघितलं, वेळ मोजला, आणि काळेपणा? काळेपणा कुणी चालूनच बघितला नव्हता! आणि चालणारे कोण? पंचवीस, अठ्ठावीस, एकतीस वर्षांचे. सगळ्यांना पट्टा कुठे आहे ते पाठ, कारण आखलाच त्यांनी होता. एकच पन्नाशीचा, तो जिराफ, आणि त्याची नजर घारीची. तिला हसू आलं, आणि ते हसू मध्येच कुठेतरी अडकून बसलं.

मग तिनं एक केलं, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नाही. खणात तिचा जुना चश्मा होता. त्याच्या काचांना तिनं हाताचं क्रीम चोळलं, पातळ, दोन्ही बाजूंनी. आणि भर दुपारी कामगारांची जेवणाची सुट्टी बघून स्टेशनात गेली, सरकत्या जिन्याच्या वरच्या टोकाला चश्मा लावला आणि उतरली. सगळं धुरकट. दिव्यांभोवती धूसर वलयं आलेली. हरकत नाही, ती मनात म्हणाली, मला तर सगळं पाठ आहे, डोळे बांधून चालेन. जिना संपला, पाय फरशीवर आले, ती चालू लागली, आणि समोर जमीन संपली. म्हणजे खरंच संपली हो! फिकट फरशी येत येत एका सरळ कडेपाशी तुटली आणि खाली काळं, खोल, आणि त्या काळ्यात खूप खाली छतावरचे दिवे बारीक चमकताना दिसत होते, विहिरीच्या तळाशी पाणी चमकावं तसे. तिला माहीत होतं तो दगड आहे. कोणत्या खाणीतला, किती जाड, खाली कोणता चिकटवणारा मसाला, सगळं माहीत. आणि तरी तिचे पाय थांबले. तिनं त्यांना सांगितलं, चला. पाय म्हणाले, आम्ही नाही येत. मागून जिन्याचा खरखर आवाज येत होता, रिकामा जिना एकामागून एक पायऱ्या तिच्या पाठीशी आणून टाकत होता, आणि तेवढ्यात तिला दुसरंच काहीतरी दिसलं, सकाळची पावणेनऊची वेळ, आणि त्या पायऱ्यांवर माणसं. मिनिटाला नव्वद. जिना थांबत नाही, तो माणसं आणतच राहतो. आणि खाली कुणाची तरी आई थांबलेली आहे, पर्समध्ये काहीतरी शोधत.

तिनं चश्मा काढला. पट्टा झटकन दगड झाला, सुंदर, देखणा, तिचा. ती त्याच्यावर बसली. उकिडवी बसून तिनं त्याच्यावरून हात फिरवला, थंडगार. हा सगळा वेळ ती काय विचार करत होती सांगू का? आईचा नाही. जिन्यावरच्या माणसांचाही नाही. ती विचार करत होती की कुणाला कळणारच नाही. चारदोन म्हातारी माणसं थांबतील, कुणीतरी हात धरून पलीकडे नेईल, जग चालतं असं. मोठ्या मासिकात याचा फोटो येणार होता. पानभर. फोटोवाला येऊन गेला होता, पट्ट्यावर आडवा झोपून त्यानं काढला होता, आणि म्हणाला होता, या पूर्ण स्टेशनात एवढी एकच गोष्ट आहे. एवढी एकच. आणि ती माझी, असं तिच्या मनात दुपारभर येत राहिलं, दात दुखत असला की जीभ तिथेच जाते तसं.

संध्याकाळी ती जिराफाच्या केबिनमध्ये गेली. बसलीसुद्धा नाही. "सर, पट्टा काढावा लागेल." जिराफ हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. तिनं सगळं सांगितलं, टेप, क्रीम, चश्मा, नव्वद माणसं. आई सोडून सगळं. जिराफानं ऐकून घेतलं आणि लांब बोटं एकमेकांत अडकवली. "अगं, काचेला क्रीम लावून कुणी जिन्यावर जाणार आहे का? आठ दिवस राहिले. नियमातलं सगळं तपासलंय आपण, घसरडेपणा, उजेड. उद्घाटनाच्या तोंडावर प्रत्येकाला असं होतं. मला माझ्या पहिल्या इमारतीचं छत पडताना दिसायचं, रोज. अजून उभं आहे." "सर, हे तसं नाही." "मग कसं आहे? घरच्या दिवशी तीनशे माणसं येऊन गेली. कोण थांबलं? एक माणूस दाखव मला."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कारण एक माणूस होतं. आणि ते माणूस म्हणत होतं, मी पर्स बघत होते.

"माझी आई," ती शेवटी म्हणाली.

जिराफानं बोटं सोडवली. मग चांगल्या मनानं, खरंच चांगल्या मनानं, म्हणाला, "घेऊन ये उद्या. मला दाखव. त्या थांबल्या, तर मी स्वतः दगड उपटतो."

घरी ती हे कसं बोलायचं याची जुळवाजुळव करत दारात बूट काढत होती, तोच आई म्हणाली, "बोल. काय झालंय? तोंड बघ कसं झालंय, सुजल्यासारखं." मग तिनं सांगितलं. सगळं नाही, एवढंच, की सरांना एकदा तू चाललेली बघायची आहेस, त्या पट्ट्यावरून, मगच तो ठेवायचा की काढायचा ते ठरेल. तिला वाटलं आई चिडेल, उडवून लावेल. आई टेबल पुसत होती, पुसत राहिली. "म्हणजे मी थांबले तर तुझा तो दगड जाणार?" "हो." "आणि फोटो यायचा होता तो?" "तोही." "हं," आई म्हणाली, फडकं पिळलं आणि खुर्चीच्या पाठीवर नीट पसरलं. "येते की. किती वाजता?"

इतकं सोपं झालं, आणि सोपं झालं म्हणून त्या रात्री ती मेल्यासारखी झोपली.

सकाळी अकराला स्टेशनात चौघं होती. जिराफ पट्ट्याच्या पलीकडे, हात पाठीमागे. दिवेवाला त्याच्या शेजारी, उगीचच. मुकादम खांबाला टेकून, कारण दगड काढायचा झाला तर तो त्यालाच काढायचा होता. आणि ती स्वतः बाजूला, भिंतीपाशी, जिथून आईचा चेहरा दिसेल. आई वरून जिन्यावर आली. आज केस घट्ट बांधलेले, चांगला कोट, आणि पाठ अशी सरळ, की मुकादमसुद्धा खांबावरून सरळ झाला. जिना संपला. टक टक टक. तोच आवाज! लेकीच्या अंगावर काटा आला, इतक्या वर्षांनी तोच आवाज, तीच चाल, आई समोरच्या घड्याळावर नजर लावून येत होती, आली, आली, आणि न थांबता, न बघता, पट्ट्यावर पाय टाकला, दुसरा टाकला, पलीकडे गेली आणि थेट जिराफासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हीच का ते? हिच्याकडून फार ऐकलंय. पण एवढे उंच असाल असं नव्हतं वाटलं."

जिराफ हसला, दिवेवाला हसला, मुकादम "वा मावशी!" म्हणाला. जिराफानं लांबूनच लेकीकडे बघून हात पसरले, म्हणजे बघ, झालं समाधान? आणि तिच्या छातीवरून काय धोंडा उतरला म्हणून सांगू! गेलं, मिटलं. आईला दिसतंय. पट्टा राहतोय. फोटो येतोय. तिनं आईकडे बघितलं, आणि आईनं जिराफाच्या खांद्यावरून तिच्याकडे बघून भुवया उडवल्या, जशा लेकीच्या लहानपणी, न आवडणारं औषध पाहुण्यांसमोर गुपचूप गिळल्यावर ती लेकीकडे बघून उडवायची. आणि त्या एका क्षणात तिला समजलं की आपण काय बघितलंय. जिन्यापासून जिराफापर्यंत आईचे ओठ हलत होते. बारीक, बारीक. पट्टा आला तेव्हा पापण्या खाली आल्या होत्या. आई न थांबता आली नव्हती. आई डोळे मिटून आली होती.

आता गप्प बसणं किती सोपं होतं! कुणी विचारलंच नसतं. आईला हवं ते मिळालं होतं, तिला हवं ते मिळालं होतं, जिराफाला तर मिळालंच होतं. चार माणसं एका जागी इतकी सुखात क्वचितच असतात. आणि बोलायचं म्हणजे काय, तर या बाईला, जिच्या समोर आख्खे वॉर्ड चळाचळा कापायचे, तिला या तीन परक्या पुरुषांसमोर उघडं पाडायचं, तेही तिनं आपल्यासाठी एवढा जीव मुठीत धरल्यानंतर. जिराफ घड्याळ बघायला लागला. दिवेवाला जिन्याकडे निघाला. आणि जिना चालूच होता, खरखर, रिकाम्या पायऱ्या आणून टाकत.

"आई," ती म्हणाली, "कितीवर गेलं?"

"काय कितीवर?" आई म्हणाली.

"मोजत होतीस ते."

"काहीतरीच काय! मी काय मोजतेय?" आई हसली, जिराफाकडे बघून, पोरी कशा असतात बघा, असं. पण जिराफ हसला नाही. तो बाईकडे बघत होता, मग लेकीकडे, मग बाईकडे. दिवेवाला थांबला.

"आई, तू एकटी असशील तर मोजून जाशील. पण मागे माणसं असतात गं. आणि दुसऱ्या कुणाच्या आईला मोजता येत नसेल."

आईनं कोटाचं वरचं बटण सोडलं, परत लावलं. तिचा चेहरा लाल झाला होता, राग आला होता तिला, खरा राग, आणि लेकीला वाटलं आता ती आपल्याला सोलून काढणार. पण आई जिराफाकडे वळली आणि ड्यूटी संपताना दुसऱ्या नर्सला पेशंटची माहिती देतात ना, त्या कोरड्या आवाजात म्हणाली, "अकरा. जिन्यापासून अकरा पावलं, मग खड्डा. खड्डा दिसतो मला तिथे. दगड आहे ते कळतं, पण दिसतो खड्डाच. परवा बूट लावून बघितला. आज डोळे मिटले आणि तीन टाकली. तिसरं टाकताना वाटलं, गेले. डोळे दीड वर्षापासून असे आहेत. हिला सांगितलं नाही, कारण ही मग घरभर दिवे लावत हिंडली असती." श्वास घेतला. "संध्याकाळी जास्त होतं. लिहून घ्यायचं असेल तर घ्या."

जिराफ पट्ट्याच्या कडेशी आला आणि खाली बघत राहिला, सहा फूट चार इंचांवरून. मग मुकादमाला विचारलं, "सात दिवसांत?" मुकादमानं डोकं खाजवलं. "निघेल दोन दिवसांत. पण हा फिकट दगड त्या खाणीतला आता मिळायचा नाही, साहेब. दुसरा बसवला तर रंग जुळायचा नाही. ठिगळ दिसेल."

सगळ्यांनी फरशीबाईकडे बघितलं. ठिगळ. सहा वर्षं, एक एक दगड सावलीत लावून, उन्हात लावून निवडलेली तिची फरशी, आणि तिच्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कायमचं.

"दिसू दे," ती म्हणाली.

मुकादमानं खिशातून खडू काढला आणि वाकून पट्ट्याच्या पहिल्या दगडावर मोठी पांढरी फुली मारली, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. खडू पॉलिशवरून घसरत होता, त्याला दोनदोनदा गिरवावं लागत होतं. दिवेवाला "मी वरचे दिवे वाढवतो मग" असं काहीतरी पुटपुटत निघून गेला.

आई अजून पलीकडेच उभी होती. लेक तिच्याकडे गेली. म्हणाली, "लिफ्टनं जाऊ."

"काही नको. लिफ्ट पेशंटसाठी असते." मग आवाज खाली आणून, ओठ जेमतेम हलवत, "हात दे. असा नको, वरचा, दंड दे." आईनं तिचा दंड धरला, आणि धरताना सगळं वजन टाकलं, सगळंच्या सगळं, इतकं की लेकीचा पाय फरशीवर किंचित सरकला. एवढी लहानशी बाई, आणि एवढं वजन. पट्ट्यापाशी आल्यावर तिला वाटलं जरा थांबावं, आईला धीर द्यावा, आणि ती थांबली.

"थांबतेस काय?" आई तिच्या कानाशी म्हणाली. डोळे उघडे होते, टक्क, सरळ खाली लावलेले. "चाल की. बघतायत सगळे."